गच्चीवरचं कॉकटेल

"मामा, बाबा गेले." रेणूचा फोन आला तेव्हा मी अंघोळीचं पाणी काढत होतो. आदल्या संध्याकाळपर्यंत मी नगरच्या दवाखान्यातच होतो, कपडे बदलायला म्हणून आष्टीला आलो होतो. दाजींची तब्येत पाहता ही बातमी येणार हे ठाऊक होतं. तरी बादली भरून वाहू लागली आणि मला नळ बंद करायचं सुचेना. दाजी गेल्याचं दुःख तर होतंच, पण ते रेणूनं सांगावं... सात-आठ वर्षं ज्या मुलीनं बापाचं नाव तोंडातून काढलं नव्हतं, तिनं माझ्याशी बोलताना "बाबा" म्हणावं आणि ते याच फोनवर म्हणावं, हे मला अजून नीट पेलत नाही. आता काही आठवडे झालेत. लिहून बघतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. दिगंबर त्यांचं नाव. आष्टीत त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. उन्हाळ्यात बोअरचं पाणी खाली गेलं की मोटारी जळायच्या, आणि दाजींच्या पायरीवर गावोगावची माणसं मोटार मांडीशी घेऊन बसलेली असायची. दिवसभर हा माणूस तांब्याच्या तारेचे वेढे असे घालायचा की बघत राहावं. आपल्या दुकानात दारू कधी प्यायले नाहीत. पण दिवस कलला, शटर खाली ओढलं, की पाय आपोआप गुत्त्याकडं वळायचे. घरी यायचे ते कुणाच्या तरी खांद्यावर. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. नुसतं बरळणं आणि पडणं. आक्का म्हणायची, "मारलं असतं तर भांडता तरी आलं असतं." रेणू त्यांची एकुलती एक. तिचा अभ्यास, तिची नोकरीची परीक्षा, तिचं स्थळ... सगळं त्या संध्याकाळच्या नशेपलीकडून बापानं अर्धवट बघितलं. लग्नाच्या दिवशी तर मुहूर्त दुपारचा, तरी दाजी सकाळपासूनच घेऊन बसले. भटजींनी मुलीच्या आईवडलांना बोलावलं तेव्हा ते मांडवामागं रचलेल्या गाद्यांवर झोपले होते. कन्यादानाला पाटावर मी आणि माझी बायको बसलो. रेणूनं डोळे वर केले नाहीत. गाडीत बसताना मला एवढंच म्हणाली, "मामा, माझं माहेर आता तुमच्याकडं." आणि तिनं ते पाळलं. लातूरहून सणावाराला यायची ती माझ्या घरी, आक्का तिला तिथंच येऊन भेटायची.

गेल्या वर्षीच्या दिवाळीची गोष्ट. रेणू आणि तिची छोटी चिऊ माझ्याकडं आलेल्या. भाऊबीजेच्या दुपारी दाजी अचानक दारात. दाढी केलेली, धुतलेला शर्ट, हातात सीताफळांची पिशवी. ते आले होते तेव्हा शुद्धीत होते, हे मुद्दाम सांगायला हवं. चिऊ उंबऱ्यावर रांगोळीतला रंग बोटानं विस्कटत बसली होती. तिनं मान वर केली आणि आईला विचारलं, "हे कोण आहेत?" रेणू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिथूनच म्हणाली, "मामाआजोबांच्या ओळखीचे आहेत." रागानं नाही, टोमणा म्हणून नाही... जे तिच्या दृष्टीनं खरं होतं ते तिनं सांगितलं. दाजींनी पिशवी खाली ठेवली. "पिकल्यात. दोन दिसात खाऊन घ्या," म्हणाले आणि वळले. मी मागं गेलो तर हातानंच मला थांबवलं.

त्या दिवसापासून त्यांनी दारू सोडली. आधीही सोडली होती, पण ती देवाची शपथ घेऊन, चार माणसांत नारळ फोडून. या वेळी कुणालाच काही बोलले नाहीत. माझं मेडिकलचं दुकान त्यांच्या दुकानाच्या समोरच. संध्याकाळी मी बघायचो, शटर ओढून ते कुलूप हातात धरून तसेच उभे. जावं कुठं? पहिल्या दिवसांत हात इतके थरथरायचे की तार ओढता येत नव्हती. मी डॉक्टरांकडं नेलं, गोळ्या दिल्या, ते दुखणं ओसरलं. पण संध्याकाळ ओसरेना. "संजू," ते मला म्हणाले, "दारूची आठवण येत न्हाई बघ तेवढी. हातात पेला न्हाई, हे लई जड जातंय." मग चहावर चहा. पित्तानं हैराण झाले. असाच एकदा कोरा चहा पितळीत तसाच राहून गार झालेला; त्यांनी सहज त्यात लिंबू पिळलं, चिमूटभर काळं मीठ टाकलं, आणि तोंडाला लावलं. तिथून सुरुवात झाली.

उन्हाळा येईतो त्या गार चहाचं त्यांनी शास्त्र करून टाकलं. पाण्याला उकळी आली की भांडं खाली उतरवायचं आणि मग पत्ती घालायची; पत्ती पाण्याबरोबर उकळली की कडवट होते, गार झाल्यावर तर जास्तच. झाकण ठेवून थोडं थांबायचं, गाळायचं, गरम असतानाच गूळ विरघळवायचा. मग तो चहा माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा. त्यांच्या घरी फ्रीज होता, पण फ्रीजमध्ये चहाला वास लागतो असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी आलं ठेचून त्याचा रस, मोरीपाशी लावलेला पुदिना तळहातावर चोळून, लिंबू, मीठ. आणि सगळ्यात शेवटी गोटीचा सोडा. बाटलीतली गोटी अंगठ्यानं आत दाबली की फुस्स आवाज व्हायचा, तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा. सोडा वरून ओतायचा आणि अजिबात ढवळायचं नाही. "ढवळलं की मेलं," म्हणायचे. पेले काचेचेच हवेत. सोबत फुटाणे, खारे दाणे, काकडीच्या चकत्या. जागा दुकानावरची गच्ची; घर दुकानामागंच. वेळ ठरलेली, ती जुनीच.

मी म्हणालो, "दाजी, हे सरबतच झालं की." ते भडकलेच. "सरबत म्हणलं तर वर कोण येईल? हे कॉकटेल हाय." कारण त्यांना एकट्यानं प्यायचं नव्हतंच. पहिलं गिऱ्हाईक त्यांनी धरून आणलं ते बाजीराव. पिकअप चालवतो, दाजींचा जुना सोबती, त्यांना खांद्यावर टाकून घरी आणणाऱ्यांपैकी एक. तो प्रसंग मी डोळ्यांनी बघितलाय. बाजीरावनं एक घोट घेतला, पेला उजेडाकडं धरला, पुन्हा घोट घेतला.

"दाजी, ह्यात काय न्हाई."

"हाय की. चहा हाय."

"म्हंजी कायच न्हाई."

"पी तर खरं बे. दोन पेल्यानंतर बोल."

दोन पेल्यानंतर बाजीराव म्हणाला, "चढत न्हाई, पण बरं हाय. उद्या येऊ का?" तो दुसऱ्या दिवशी आला. मग आणखी एकाला घेऊन आला. रोज कुणी टिकायचं नाही. कधी बाजीराव दोन दिवस गायब व्हायचा आणि मान खाली घालून परतायचा. दाजी काही विचारायचे नाहीत, पेला पुढं करायचे.

आक्काचा मात्र विश्वास बसायला वेळ लागला. तिनं इतकी वर्षं इतक्या गोष्टी ऐकल्या होत्या. सगळे उठून गेले की ती गच्चीवर जायची आणि दाजींचा पेला नाकाशी धरायची. चोरून, असं तिला वाटायचं. मला दाजींनीच सांगितलं : "म्हणून मी माझा पेला इसळत न्हाई. तसाच जिन्याच्या वर ठेवतो. तिला घेऊ दे वास." हे सांगताना त्यांना वाईट वाटत नव्हतं. उलट रोज एक परीक्षा पास होतोय, असा चेहरा होता.

मी रेणूला फोन केला. सांगितलं, बापानं खरंच सोडलीय. ती म्हणाली, "मामा, हे मी किती वेळा ऐकलंय... प्रत्येक वेळी मी खूश व्हायचे हो. लहान होते तेव्हा तर शाळेत सांगून यायचे." मग म्हणाली, "वर्ष जाऊ दे. पुढच्या दिवाळीपर्यंत टिकलं तर येईन मी." यात तिचं काय चुकलं? आजही मला तिचं काही चुकलं असं वाटत नाही. दाजींनाही वाटलं नाही. मी निरोप दिला तर म्हणाले, "बरोबर हाय तिचं. मी तिच्या जागी असतो तर दोन वर्षं म्हणलो असतो."

पावसाळ्यात त्यांचे पाय सुजू लागले. मग पोट. मी औषधाच्या धंद्यातला माणूस, मला बघताक्षणी कळलं. नगरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की सोडली ते फार चांगलं केलं, पण लिव्हर आधीच कामातून गेलंय. बाहेर येऊन दाजी बाकावर बसले. म्हणाले, "मी सोडली हे लिव्हरला कुणी कळवलंच न्हाई वाटतं." मला हसावं की रडावं कळेना. मीठ बंद, पाणी मोजून. म्हणजे त्यांचं कॉकटेल त्यांनाच बंद झालं. तरी संध्याकाळी वर बसायचे, लिंबू पिळायचे, गोटी दाबायचे, दुसऱ्यांचे पेले भरायचे आणि "गूळ बरा झालाय का?" म्हणून विचारत राहायचे. चव घेता येत नसल्यानं गूळ कधी जास्त व्हायचा. कुणी बोललं नाही.

रेणूला कळवू या, असं मी आणि आक्कानं ठरवलं. दाजींनी हात धरला. "दुखण्याचं सांगून बोलवू नका. येईल ती, पण दुखण्यासाठी येईल. तिनं आपून होऊन येऊ दे... दिवाळी काय लांब हाय?" आणि खरोखर, नवरात्र उलटल्यावर रेणूनंच फोन केला : "मामा, या भाऊबीजेला आधी घरी जाईन. मग तुमच्याकडं." मी दुकान सोडून रस्ता ओलांडून पळत सांगायला गेलो. दाजींनी हातातली मोटार खाली ठेवली. मग विचारलं काय, तर "चिऊला आलं तिखट लागंल का रे?"

दिवाळी तोंडावर आली आणि त्यांना रक्ताची उलटी झाली. नगरला हलवलं. आता रेणूला न कळवून चालण्यासारखं नव्हतं. ती चिऊला नवऱ्याजवळ ठेवून एकटी आली. मला जे सगळ्यात जास्त सलतं ते इथून पुढं आहे. लिव्हर काम करेनासं झालं की रक्तातलं विष मेंदूपर्यंत जातं. माणूस बरळतो, जीभ जड होते, हात थरथरतात, ओळख पटत नाही. रेणू खोलीत आली तेव्हा दाजी अगदी तसेच होते, जसे ती त्यांना सोडून गेली तेव्हा होते. डोळे तांबारलेले, अर्धेच शब्द, उठायची धडपड आणि कलंडणं. ती दारातच थबकली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्या लग्नाच्या दिवशी बघितलं होतं.

"मामा, तुम्ही तर म्हणाला होता सोडली."

"सोडली गं. देवाशपथ सोडली. हे दुखणं हाय."

डॉक्टरांनी पुन्हा समजावून सांगितलं. रेणू हळूहळू खाटेजवळ गेली, वाकली, बापाच्या तोंडाशी नाक नेऊन तिनं वास घेतला. मग तशीच खाटेच्या कडेला बसली आणि त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला. "बाबा, मी रेणू." त्यांनी तिच्याकडं बघितलं. "सिस्टर," ते जड जिभेनं म्हणाले, "माझी मुलगी यायची हाय भाऊबीजेला... तवर घरी सोडताल का?" ती म्हणाली, "सोडू." त्यांच्या डोळ्यांत तिची ओळख काही आली नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. भाऊबीजेच्या आधीच ते गेले.

एक वर्ष हा माणूस जसा होता, तसं त्याच्या मुलीनं त्याला एकदाही बघितलं नाही. कुणाला बोल लावू? दाजींनी जे करायचं ते केलं, रेणूनं जे मागायचं ते मागितलं. फक्त दोघांच्या मध्ये दिवस कमी पडले.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. संध्याकाळी मी आक्काकडं गेलो तर रेणू म्हणाली, "वर कुणीतरी आहे." आम्ही दोघं गच्चीवर गेलो. बाजीराव आणि त्याचा सोबती भिंतीला टेकून बसले होते. रिकामेच, त्यांना काय करावं सुचत नव्हतं. रेणूला बघून दोघं गडबडीनं उठले. ती म्हणाली, "बसा ना." आणि स्वतःही सतरंजीवर बसली. खाली रस्त्यावर उसाच्या तोडीला निघालेली ट्रॅक्टरं एकामागं एक जात होती, त्यांचा आवाज हळूहळू कमी झाला.

मग तिनं विचारलं, "बाबा इथं बसून काय बोलायचे?"

बाजीराव गोंधळला. "काय न्हाई गं ताई. असंच. कुणाची मोटार जळाली, कुणाच्या बोअरला पाणी लागलं... आन् हसायचे लई."

"हसायचे?"

"हां मग. पोट धरून."

रेणू त्याच्याकडं बघत राहिली. "मी त्यांना हसताना ऐकलेलंच नाही. म्हणजे... मला आठवत नाही. कसे हसायचे?"

आता हसू कसं सांगायचं? बाजीराव माझ्याकडं बघायला लागला, मी मान खाली घातली. त्यानं एकदा घसा खाकरला. मग मान मागं टाकून, डोळे मिटून, आधी नाकातल्या नाकात दोन-तीन धक्के आणि मग एकदम मोकळं सुटलेलं, शेवटी धाप लागून "आरं देवा" असं म्हणत थांबणारं... तो दाजींसारखा हसला. इतकं हुबेहूब, की माझ्या अंगावर काटा आला. हसून झाल्यावर तो तसाच डोळे मिटून बसला. त्याच्या गालावरून पाणी येत होतं. रेणूनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं.

जिन्यात पावलं वाजली. आक्का अर्ध्या जिन्यात, कठड्याला धरून उभी होती. आम्हाला फक्त तिचं डोकं दिसत होतं.

"बाजीराव," ती म्हणाली, "परत एकदा कर रे."