संगमावरचं गंगावन

प्रयागला येणाऱ्या नवऱ्यांना बायकोची वेणी घालायला शिकवणं हे माझं काम आहे. हसू नका. आठवीत शाळा सुटलेल्या बाईला याहून बरी मास्तरकी कुठं मिळाली असती?

शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावातून लग्न होऊन निघाले ती थेट इथंच उतरले. नवरा एका मराठी गुरुजींच्या यात्रेकरू निवासात स्वयंपाकी. तिथं आपल्याकडची माणसं उतरतात, संगमावर स्नान करतात आणि जोडीनं आलेली असली तर वेणीदान करतात. बायकोनं नवऱ्यापुढं पाठ करून बसायचं, नवऱ्यानं केस विंचरून वेणी घालायची, शेवटचं दोन बोटांएवढं टोक कात्रीनं कापायचं आणि त्रिवेणीत सोडायचं. खरे केस इथं तरंगत नाहीत, सरळ तळाला जातात, अशी श्रद्धा. मंत्र गुरुजी सांगतात. वेणी कशी घालायची ते मात्र कुठल्याच पोथीत नाही. माझ्या पहिल्याच वर्षी एक आजोबा, मंत्र संपले तरी बायकोचे केस मुठीत धरून, सोडले तर बैल पळून जाईल तसे बसून राहिले होते. मी भीतभीत म्हटलं, "आजोबा, तीन भाग करा." दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मला कंगवा, कात्री आणि लाल रिबिनीची पिशवी दिली. त्या पिशवीचे उपकार मी जन्मभर फेडत बसणार आहे.

तसा नावेत पाय ठेवला की माझा जीव मुठीत असतो. फळीतून पाणी येतंय का बघते, माणसं मोजते, परत मोजते. पण नवरे वेणी घालायला बसले की भीती पळते. धरणगावचे एक कापूस व्यापारी आले होते. त्यांनी बायकोची बट दोन चिमटींत धरून ताणून बघितली, धाग्याची लांबी बघतात तशी. बायको मान न वळवता म्हणाली, "अहो, भाव नका ठरवू, वेणी घाला." शेतकरी असला तर तो हमखास दोन पदरी पीळ देतो, दोरखंडाला देतात तसा. सोडला की भर्रकन उलगडतो. चाळीस वर्षं संसार केला, पण बायकोच्या वेणीला पेड किती, हे एकालाही माहीत नसतं. त्रिवेणीवर उभं राहून मी त्यांना तीन म्हणजे किती ते सांगते.

एकदा मात्र वाईट झालं. एका बाईनं गंगावन, म्हणजे खोट्या केसांचा झुपका, लावलेलं होतं आणि नवऱ्यानं नेमकं तेच कापलं. मंत्र म्हणून सोडलं, तर ते नायलॉन वर! काळं, चकचकीत, मजेत डुलतंय. नाववाल्यानं वल्ह्यानं लांब ढकललं तर परत आलं. सगळी नाव हसली. ती बाई त्या दिवशी जेवायला खाली आली नाही.

म्हणून मायचा फोन आला तेव्हा मला आधी ते डुलणारं गंगावन आठवलं. गावातून बस निघाली होती, आबा म्हणजे माझे वडील आणि माय त्यात होते, मोठी काकू म्हणजे मायची मोठी जाऊही होती. काकूनं सगळ्या जोडप्यांची वेणीदानाची नावं आधीच देऊन टाकलेली. माय फोनवर कुजबुजली, "माले नही करनं. तुले माहीत शे ना!"

मला माहीत होतं. माझ्या जन्मानंतर तिला विषमज्वर झाला आणि केस गेले ते गेलेच. उरली ती उंदराची शेपटी. तेव्हापासून ती कोंबडा आरवायच्या आधी उठते, अंधारात गंगावन जोडून अंबाडा घालते आणि वर पदर. गावात कुणाला कळलं नाही. आबांनाही नाही, असं तिला वाटत होतं. काकूला कळलं तर विहिरीवर, लग्नात, मयतीला, सगळीकडे तेच चघळलं जाणार होतं.

मी तोड काढली. ते आल्या दिवशी दुपारी मायला खोलीत बसवून तिच्या गंगावनाच्या टोकाला माझ्याच केसांची बट रिबिनीनं घट्ट गुंडाळली. कापायची ती दोन बोटं खरी. बुडतील. आबांनी फक्त टोकाला कात्री लावायची. बेत पक्का होता. आबांना सांगायचं तेवढं राहिलं, कारण माय म्हणाली, "त्यास्ले सांगशी ते मी नदीमा उडी टाकसू."

नावेत आबा ताठ बसले. माय त्यांच्यापुढं. मोठी काकू समोरच्या फळीवर, डोळे बटाट्याएवढे करून. गुरुजींचा संकल्प झाला. आतापर्यंत सहा नवऱ्यांना मी ओरडून सांगितलं होतं, "आधी सगळं सोडा, मग विंचरा!" आबा आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचं ऐकत होते. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी सगळं सोडलं.

गंगावन त्यांच्या हातात आलं. मायचे खांदे आक्रसले.

आबांनी हाताकडं बघितलं नाही. तिसरीकडंच बोट करून मोठ्यानं म्हणाले, "ओ वहिनी! तथा दखा! एक पाणी मातकट, एक हिरवं, कशी फाळणी पडेल शे! जमिनीना बांध बी इतला सरळ नही राहत."

जमिनीचा बांध म्हटल्यावर आमच्या गावचं कोण वळणार नाही? काकू वळली, बसमधली सगळी माणसं वळली, गुरुजीसुद्धा वळले. तेवढ्यात ते भेंडोळं बंडीच्या खिशात, तंबाखूशेजारी. मग आबांनी उरलेल्या शेपटीचे तीन भाग केले आणि न चुकता वेणी घातली. कापलं ते टोक करंगळीच्या पेराएवढं. पाण्यात सोडलं, बुडालं.

काकू वळून म्हणाली, "इतलंसंच?"

"गंगामायले इतलंच बस," आबा म्हणाले. "बाकीनं मी घर लई जासू."

नाव हसली, पण ते हसणं आबांवर होतं. मायनं तोवर पदर कानापर्यंत ओढून घेतला होता.

निवासात आल्यावर तिनं खोलीचं दार लावलं आणि हात पुढं केला. आबांनी खिशातून गंगावन काढलं. त्याला तंबाखू लागलेली.

"तुम्हले कवयपाईन माहीत व्हतं?"

"ही तान्ही व्हती तवयपाईन."

"मंग बोलनात का नही?"

"तू लपाडी राहिंती. मी कसाले बोलू?"

माय भडकली. मी तिला इतकी भडकलेली कधी पाहिली नव्हती. "तीस वरीस! तीस वरीस मी अंधारामा उठनू! थंडीमा, तापमा, पोरना लगीनना दिन बी!"

आबा जरा विचार करून म्हणाले, "मंग आते झोप."

दुसऱ्या दिवशी बस सकाळी सहाला काशीला निघणार होती. सव्वासहा झाले. ड्रायव्हर हॉर्न दाबून धरत होता, मोठी काकू जिन्यातून हाका मारत होती, आणि मी बस चुकेल म्हणून दारात कपाळावर हात मारत उभी. आबा पायरीवर बसून दाढी खाजवत होते.

"निजू दे तिले," म्हणाले. "काशी कोठे जास?"

आतून मायचं घोरणं ऐकू येत होतं.