नाटकात ते वाक्य एकदाच आहे

आम्ही दोघं गणपतीत मरायचो. गेल्या वर्षी तो श्रावणातच मेला, आणि एकटाच.

"गेला" लिही, "वारला" लिही, असं आई म्हणेल. असू दे.

आज मिलिंदला वर्ष झालं. तिथीनं वर्षश्राद्ध मागच्याच आठवड्यात धारला सासरी झालं. भटजी, पानं, दक्षिणा, सगळं रीतसर. आजची तारीख फक्त माझी आहे, म्हणून लिहिते आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

देवासच्या आमच्या मंडळात गणपतीला एक जुनं परदेशी नाटक व्हायचं. दोन वैरी घराणी, एकातला मुलगा, दुसऱ्यातली मुलगी. आमचे डायरेक्टर नाना, त्यांनी ते उचलून मालव्यात आणलं. एक घर थोरल्या पातीचं, एक धाकट्या पातीचं. एकाच गावात दोन राजे नांदवलेल्या देवासकरांना हे वैर समजावून सांगावं लागलं नाही.

शेवट सगळ्यांना पाठ. ती औषध पिऊन मेल्यासारखी पडते. निरोप त्याच्यापर्यंत पोचत नाही. तो येतो, तिला खरंच मेलेली समजतो आणि विष घेतो. मग ती उठते.

मी पडायचे. मिलिंद यायचा.

तो धारचा. कारखान्यात नोकरी लागली म्हणून देवासला आला, आणि मंडळात आला तो तालमीनंतरच्या पोह्यांसाठी. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

शाळा हिंदी मीडियमची. मराठी वाचायला घेतलं की ओळीओळीला ठेच. शेवटी नाना मला म्हणाले, "तू म्हणून दाखव, तो ऐकून पाठ करेल."

देवीच्या टेकडीच्या पायऱ्यांवर बसून मी त्याला त्याचे संवाद शिकवले. म्हणजे माझ्यावर प्रेम कोणत्या शब्दांत करायचं, तेही मीच शिकवलं.

बाकी त्याचं मराठी म्हणजे आनंद होता. "मला भूक लागून राहिली यार." "तू समजून का नाही राहिली?" शुद्ध मराठी त्याला तेवढंच यायचं, नाटकातलं.

बाबांकडे मला मागायला आला तेव्हा घाबरून दुसऱ्या अंकातलंच बोलला. बाबा म्हणाले, "हे झालं नाटकातलं. आता तुमचं बोला."

हा म्हणाला, "अंकल, मेरा भी यही है।"

बाबा हसले. लग्न झालं. आमच्या घराण्यांत वैरबिर काही नव्हतं. भांडलो ते आम्हीच, कुलरमध्ये पाणी कोण भरणार यावरून.

चाळिशी उलटली तरी लोकांना तीच जोडी हवी असायची. पुढच्या रांगेतली पोरं ओरडायची, "काकू, अब मर भी जाओ!"

शेवटच्या प्रवेशात तो माझ्या उशाशी बसून म्हणायचा,

"डोळे उघड. एकदाच. मग मी कुठेही जायला तयार आहे."

नानांची सक्त ताकीद होती, हे वाक्य एकदाच. "दुसऱ्यांदा म्हणालास की ती भीक झाली. तू राजाचा मुलगा आहेस."

आणि मला ताकीद होती, "पापणी हलली तर नाटक मेलं."

माझी पापणी कधी हलली नाही. म्हणून तेव्हाचा त्याचा चेहरा अख्ख्या देवासनं पाहिला, मी सोडून. लोक मला येऊन सांगायचे, काय चेहरा असतो हो मिलिंदचा! मी म्हणायचे, असेल, मी मेलेली असते.

गेल्या वर्षी किडन्या गेल्या. इंदूरचं हॉस्पिटल. त्या दुपारी मी त्याच्या पलंगाच्या कठड्यावर डोकं टेकलं आणि मला झोप लागली. पलीकडे माझा दीर राजू बसला होता.

मी उठले तेव्हा सगळं संपलं होतं.

राजूनं तेराव्यानंतर सांगितलं.

"वहिनी, शेवटी दादा बोलले होते. मराठीत. 'डोळे उघड.' मेको लगा नाटक का डायलॉग बोल रिये हैं। तुम्ही इतक्या दिवसांनी झोपल्या होत्या, म्हणून उठवलं नाही."

मी विचारलं, "किती वेळा म्हणाला?"

"दो-तीन बार। बस उतनाच. पुढचं काहीच नाही बोलले."

नाटकात ते वाक्य एकदाच आहे, राजू.

राजूवर मी रागावले नाही, असं लिहिणार होते. खोटं आहे. रागावले. त्याची चूक नाही हे कळतं, तरी रागावले. त्याच्या जागी कुणालाही नाटकच वाटलं असतं. दुसरं शुद्ध मराठी मिलिंदला येत कुठे होतं?

नाटकातली ती उठते, त्याला बघते आणि तिथेच मरते. पडदा. टाळ्या. तिला दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला एक पिशवी कमी सांगावी लागत नाही.

परवा नानांनी तालमीला बोलावलं. नवी मुलगी आहे, जरा बघ, म्हणाले. मी गेले.

ती पडली होती. नवा मुलगा तिच्या उशाशी बसला. मी पहिल्यांदाच हा प्रवेश उघड्या डोळ्यांनी बघत होते. मुलगा म्हणाला, "डोळे उघड. एकदाच."

माझ्या तोंडून निघालं, "उघड गं."

हॉलभर ऐकू गेलं. मुलाचं पुढचं वाक्य अडकलं. नाना माझ्याकडे बघून खाली बघायला लागले.

मुलीनं डोळे उघडले नाहीत. पापणीसुद्धा हलली नाही. चांगली शिकवली आहे.

मिलिंद, आता मला झोप लागत नाही. आता हाक मार ना यार.

तुझी आठवण काढून हात जोडते. येते.