शेवटचा रकाना

देवरीच्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवायचो. २०१३च्या सुमारास पायथन ही संगणकाची भाषा शिकलो. शिकलो म्हणजे, दुसऱ्याचा प्रोग्राम उतरवून त्यातली नावं बदलायला शिकलो. अवकाश दुर्बिणीची निरीक्षणं इंटरनेटवर फुकट मिळत. एकेका ताऱ्याची एकेक फाइल. तिच्यात वेळ, ताऱ्याचा प्रकाश आणि शेवटी दुर्बीण स्वतःच डगमगली तर तशी खूण करणारा एक रकाना. तो मला कळेना, म्हणून मी काढून टाकला. एका ओळीत निघतो, याचाच केवढा तोरा!

एका ताऱ्याच्या आलेखात खड्डा दिसला. समोरून ग्रह गेला की प्रकाश असा कमी होतो. मी लगेच प्राचार्यांना सांगितलं, त्यांनी लगेच सत्कार ठरवला. आमच्याकडे शोध तपासण्याआधी शाल येते.

प्रयोगशाळेत एक परिचर होते, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, जंगलाकडच्या गावचे. मी त्यांना अरे-तुरे करायचो. दुपारी माझ्या खुर्चीमागे उभं राहून ते हे सगळं शिकले होते. मी वर्गावर गेलो की मी घेतलेल्या इतर सहा ताऱ्यांच्या फाइली उघडून बघत. सत्काराच्या सकाळी ते वही घेऊन आले.

“सर, हा खड्डा सातही ताऱ्यायत हाये. एकाच टायमाले.”

“मग?”

“सात ग्रह शिट्टी वाजल्यावानी संगच फिरून राहिले का? शेवटच्या रकान्यात तिथंच खूण हाये. तुमी तो काऊन काढला?”

मला कळलं. त्याच क्षणी कळलं, आणि हे ‘त्याच क्षणी’ कबूल करायला इतकी वर्षं लागली. मी म्हणालो, “तू लेन्सा पूस. ग्रहांचं मी पाहतो.”

दुपारी शाल-श्रीफळाचं ताट त्यांच्याच हातात होतं. मी अर्धा तास बोललो. ज्यांना काही कळलं नव्हतं त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि ज्याला कळलं होतं तो ताट सरळ धरून उभा होता.

नंतर कुणीच काही विचारलं नाही. विचारणाऱ्या एकट्याला मी गप्प केलं होतं. महिनाभरानं, प्रयोगशाळेत कुणी नाही असं बघून, मी त्यांना पहिल्यांदाच अहो-जाहो केलं. “या, बसा. तुमचंच बरोबर होतं. पुढचं सोबत शिकू.”

त्यांनी हातातली लेन्स उजेडाकडे धरून पाहिली.

“कायले, सर? लेन्सा पुसाच्या राहिल्या.”