उंबरठ्यावर उभा राहिलेला माणूस

ते घर अजूनही माझ्या स्वप्नात येते, आणि नेहमी दुपारच्या उन्हातच येते. दारातून उन्हाचा एक पट्टा आत पडलेला असतो, त्यात कापसाचे तंतू तरंगत असतात आणि शिलाई मशीन संथपणे चालत असते. लेकरांनो, तुमची आजी तेव्हा नांदुरा तालुक्यातल्या एका ठाण्याची ठाणेदार होती. नावे लिहीत नाही. ती माणसे अजून त्याच घरात राहतात.

एका बँकेचे पत्र आले होते. वडनेर भोलजीकडच्या एका गावातले घर थकीत कर्जापोटी ताब्यात घ्यायचे होते आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बंदोबस्त हवा होता. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आणि कर्जाच्या फाइलची प्रत जोडलेली होती. घर ओळखता यावे म्हणून कर्ज देताना काढलेला, तारखेसह एक फोटोही होता. त्यात घराचा मालक म्हणून एक माणूस दारात उभा होता, पण टोपीच्या सावलीमुळे चेहरा नीट दिसत नव्हता.

बंदोबस्ताची जागा मी आदल्या दिवशीच पाहून ठेवत असे. रस्ते किती, दारे किती, म्हातारी माणसे किती, हे आधी माहीत असलेले बरे. त्या घरी मी आत जाऊन बसले. सून ब्लाउज शिवत होती. तिचा नवरा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता, तो खाली मान घालून बसला होता. सासू उंबरठा पुसत होती. दुसऱ्या दिवशी जे दार बंद होणार होते, त्याचाच उंबरठा ती शांतपणे पुसत होती.

"मॅडम, आठ महिने झाले, बँकेत चकरा मारून राह्यलो," सून म्हणाली. "आमी कर्ज घेतलंच नाही म्हनतो, त ते म्हनतात सही हाय. कोनी बसाले बी सांगत नाही. दारातूनच वापस."

"माह्या पोराले बनियन घ्यायची असली त बायकोले इचारते," सासू म्हणाली. "हा कर्ज काढीन?"

मेकॅनिक कसनुसे हसला. मी फोटो म्हातारीच्या हाती दिला. तिने तो उन्हात धरला आणि बराच वेळ पाहिला.

"हा माहा पोरगा नोहे, बाई."

"चेहरा तर दिसत नाही, आजी."

"पाय त दिसतात. उंबरठ्यावर उभा हाय पाहा, चपला घालून. आमच्या घरचं लेकरू रांगतं तवापासून उंबरठा वलांडते. त्याच्यावर पाय नाही देत."

कोर्टात हा पुरावा टिकला नसता. पण तीस वर्षांच्या नोकरीत मी एवढे शिकले होते की माणूस सही बदलतो, उभे राहण्याची सवय बदलत नाही. मी फोटोवरची तारीख वाचून दाखवली.

"तवा त आमी अकोल्याले होतो," सून म्हणाली. "ननंदेच्या बाळंतपनाले."

"किल्ली कुणाकडे होती?"

ती हळूच म्हणाली, "शेजारच्या भाऊकडे. तुळशीले पानी घालाले."

शेजारचा हा भाऊ लोकांची कागदपत्रे करून देणारा एजंट होता. मेकॅनिकचे आधार कार्ड आणि घरपट्टीची पावती त्यानेच कधीतरी कामासाठी नेली होती.

पंचनाम्यावर साक्षीदाराची सही हवी, असा निरोप मी त्याला पाठवला. तो लगेच आला. "राम राम मॅडम, बिचाऱ्याइचं लई वाईट झालं," म्हणाला आणि उंबरठ्यावरच थांबला. एक हात चौकटीवर होता, एक पाय किंचित पुढे. मशीन थांबले. म्हातारी त्याच्या पायांकडे पाहत राहिली. त्यानेही खाली पाहिले, माझ्या हातातला फोटो पाहिला आणि पाय मागे घेतला.

त्याला ठाण्यात नेले, तिथे आवाज चढवावा लागला नाही. मेकॅनिकचे नाव दहा वेळा लिही, एवढेच सांगितले. पहिल्या ओळी त्याने मुद्दाम वेड्यावाकड्या काढल्या. आठव्या ओळीला हात थकला आणि फाइलमधली सही कागदावर उतरली.

"हप्ते भरनार होतो मॅडम," तो म्हणाला. "त्याइले कळलं बी नसतं."

गुन्हा दाखल केला, वरिष्ठांना अहवाल दिला. सकाळी अकराला बँकेचे अधिकारी कुलूप घेऊनच आले.

"आमचे कागद पूर्ण आहेत," ते म्हणाले.

"हा फोटो या लोकांना कधी दाखवलात?" मी विचारले आणि गुन्ह्याच्या नोंदीची प्रत पुढे केली.

त्यांनी ती वाचली, फोटोकडे आणि मग मेकॅनिककडे पाहिले. कुलूप पिशवीतच परत गेले. हस्ताक्षराचा अहवाल यायला आणि घरावरचा बोजा उतरायला पुढे कित्येक महिने लागले, पण घर राहिले.

निवृत्तीच्या आधी एकदा त्या गावावरून जात होते, म्हणून थांबले. तीच दुपार, तेच ऊन. मी बाहेरूनच सुनेची विचारपूस करू लागले, कारण गाडी उभी होती आणि घाई होती. आयुष्यभर मी असेच दाराशी उभी राहून लोकांचे ऐकले होते. बँकेनेही आठ महिने त्यांचे दारातूनच ऐकले होते. आत जाऊन, बसून, फोटो त्यांच्या हाती द्यायला मला पाऊण तास लागला होता, आणि सगळा तपास त्या पाऊण तासातच झाला होता.

"काऊन बाहेर उभ्या?" आतून म्हातारीचा आवाज आला. "या ना बाई, चहा मांडला."

मी बूट काढले, उंबरठा ओलांडला आणि उन्हाच्या त्या पट्ट्यात जाऊन बसले.