दुपारच्या फोनवर आलेला ‘बोडी’

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि बहुतेक वेळा हसतो. माझा स्वभावच तसा आहे. वस्तू हातात घ्यायची, उलटीपालटी करायची, खोट काढायची, मग भाव पाडायचा. भूतबाधा, करणी, संकेत... असलं काही माझ्या दुकानात कधी खपलं नाही. तरीही हे लिहितो आहे, कारण वीस वर्षं झाली आणि मला यात खोट सापडलेली नाही.

साल २००३, फेब्रुवारी. चंद्रपुरात जटपुरा गेटच्या आतल्या बाजूला माझं टीव्ही-व्हिडिओ गेम दुरुस्तीचं दुकान होतं. बापाचा एक पैसा न घेता उभं केलेलं. त्याच दुकानातून मी ‘बटण’ नावाचं एक छोटं मासिक काढायचो. सोळा पानं, झेरॉक्स, मध्ये दोन पिना. विषय एकच – जुने व्हिडिओ गेम आणि जुने कॉम्प्युटर. लोक भंगारात काढत होते ती यंत्रं दुरुस्त कशी करायची, गेम कसे चालवायचे, हे सगळं मी लिहायचो. वर्गणीदार शंभराच्या आसपास. ब्रह्मपुरीचे एक प्राध्यापक, एटापल्लीचे एक गुरुजी, राजुऱ्याच्या खाणीतले दोघं-तिघं... असे विखुरलेले, पण पक्के.

आता माझं दुखणं सांगतो. १९९१ मध्ये सलीम नावाचा रेडिओ मेकॅनिक माझ्या दुकानात भागीदार होता. कान असा, की कॅसेटचा आवाज ऐकून सांगायचा, गेम लोड होणार की नाही. तेव्हाचे घरगुती कॉम्प्युटर टीव्हीला जोडायचे आणि प्रोग्राम साध्या टेपरेकॉर्डरवरून भरायचा. आधी लांब शिट्टी, मग चार मिनिटं खरखर, चिरचिर. मध्ये एक खरखर जास्त झाली तरी सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि बटण बंद केलं की मशीनमधलं सगळं पुसलं जायचं. उरायची ती फक्त कॅसेट.

आम्ही दोघांनी मिळून एक गेम बनवला होता. नाव ‘बोडी’. बोडी म्हणजे आपल्याकडचं शेतातलं लहान तळं. त्यात जाळं टाकायचं, मासे धरायचे, बगळ्यानं पळवायच्या आत काठावर आणायचे. नागपूरच्या एका व्यापाऱ्याशी मी सौदा पक्का केला होता. सोमवारी कॅसेट द्यायची होती. आणि शनिवारी ती सापडेना.

मी दुकान उलटं केलं. सलीम म्हणाला, “भाऊ, तुमच्याच हातात देल्ली होती म्या. ती आर–”

“चूप बस,” मी म्हणालो. “चोर तं चोर, वरून मले शिकवते.”

दुकानात चार गिऱ्हाईकं उभी होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पेचकस टेबलावर ठेवला आणि गेला. पुढे राजुऱ्याला रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं असं कळलं. त्यानंच माल परस्पर विकला, याबद्दल माझ्या मनात बारा वर्षं तिळभर शंका नव्हती.

त्या फेब्रुवारीत एटापल्लीच्या गुरुजींचं पत्र आलं – ‘आपल्या भागात कोणी गेम बनवला होता का, त्याबद्दल लिहा.’ झालं. जखमेवर बोटच ठेवलं त्यांनी. मी एका बैठकीत तीन पानं लिहून काढली. मथळा ‘चोरी गेलेला गेम’. सलीमचं पूर्ण नाव, गाव, दुकान कुठं आहे तेही. राजुऱ्यातले वर्गणीदार वाचतील, त्याच्या दुकानापर्यंत अंक पोहोचेल, हे मला ठाऊक होतं. त्यासाठीच तर लिहिलं होतं. पानं तयार होती. तीन वाजता झेरॉक्सवाल्याकडे द्यायची आणि संध्याकाळच्या एसटीने अंक रवाना.

एक वाजून गेला होता. मी डबा उघडणार, तेवढ्यात फोन वाजला.

“हॅलो.”

कोणी बोलेना. मग शिट्टी सुरू झाली. लांब, सपाट, एकाच सुरात. ज्यानं आयुष्यात शेकडो कॅसेट लोड केल्या त्याला ती शिट्टी ओळखायला वेळ लागत नाही. मला वाटलं, ब्रह्मपुरीचे प्राध्यापक. ते अशा गमती करायचे – नवा प्रोग्राम लिहिला की फोनवर वाजवून दाखवायचे. सवयीनं माझा हात टेपरेकॉर्डरवर गेला. रिसीव्हर त्याच्या माइकला टेकवला आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. बाहेर ऑटो, समोर लोहाराची ठकठक. चार मिनिटांनी आवाज थांबला. फोन कट.

असं रेकॉर्डिंग लोड होत नाही. तारेतून आलेला आवाज, वरून रस्त्याची गडबड... होऊच शकत नाही. तरी गंमत म्हणून जुना कॉम्प्युटर जोडला. पहिल्याच फटक्यात लोड झालं.

टीव्हीवर निळं तळं. काठावर बगळा. वर ‘बोडी’.

मला भीती वाटली नाही, राग आला. म्हणजे कॅसेट त्याच्याकडेच आहे. बारा वर्षं दाबून ठेवली आणि आता मला चिडवायला फोनवर वाजवतो. मी म्हटलं, बरं झालं, पुरावा स्वतःच पाठवला. लेखासोबत छापू या म्हणून पूर्ण प्रोग्राम प्रिंटरवर काढायला लावला. प्रिंटर करकरत एकेक ओळ काढू लागला.

सलीमला एक सवय होती. प्रोग्राममध्ये मधूनमधून तो टिपणाच्या ओळी टाकायचा. मशीन त्या वाचत नाही, त्या फक्त माणसासाठी असतात. ‘इथून बगळा’, ‘इथं जाळं’. रोमन अक्षरांत, पण आपल्या बोलीत. तशा ओळी दिसत गेल्या. आणि सगळ्यात शेवटी एक –

‘भाऊ, शोधू नका. आरतीची बी बाजू लावा.’

मी ती ओळ तीनदा वाचली. लेखाची पानं ड्रॉवरमध्ये टाकली, दुकानाचं शटर ओढलं आणि घरी गेलो.

“आरत्यांची कॅसेट कुठी आहे?” मी बायकोला विचारलं.

“फेब्रुवारीत गणपती बसवता का?” ती म्हणाली. पण काढून दिली. “ए बाजूच चांगली आहे. बी बाजू नुसती चिरचिर करते. म्या एकदा लावली होती, कान किटले. खराब झाली म्हनून पुन्हा लावलीच नाई.”

“कधीपासून?”

“दहा-बारा वर्सं झाली असतील. तुम्ही कधी इचारलं?”

खाली बसलो तेव्हा आठवलं. नवी कॅसेट आणायला सलीम निघाला होता. मीच अडवलं होतं – नवी कायले, आमची आरतीची आहे ना, तिची एक बाजू कोरी आहे. तेव्हा तो अवघडून म्हणाला होता, “भाऊ, आरतीले धक्का नाई लागू देत मी. कोऱ्या बाजूवरच घेतो.” घेतली, डबीत घातली, माझ्या हातात दिली. मी घरी नेऊन देवाजवळच्या फळीवर ठेवली, विसरून गेलो आणि ‘बोडी’ असं लिहिलेली कॅसेट दुकानात शोधत बसलो. एक कोरी कॅसेट वाचवायला गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने राजुऱ्याला गेलो. सोबत कॅसेट, प्रिंट आणि ती तीन पानं. सलीमच्या दाढीत पांढरे केस आले होते. त्यानं स्टूल पुढे केलं. मी पानं त्याच्या हातात दिली. त्यानं सावकाश वाचली.

“चांगलं लिवलं, भाऊ,” तो म्हणाला. “फक्त मानूस चुकला.”

“तू सांगितलं काऊन नाई? बारा वर्सं?”

“सांगतच होतो. तुम्ही चूप बस म्हनलं, बसलो चूप. चोर म्हनल्यावर पत्ता कायले सांगू? तुमच्याच घरी होती. दर गणपतीत वाजत होती.”

मी माफी मागितली. मला ते जमत नाही, त्यामुळे वाईटच मागितली. त्यानं चहा सांगितला. मग मी म्हटलं, फोन केलास ते बरं केलंस.

“कोनता फोन?”

त्याच्याकडे फोन नव्हता. शेजारच्या एसटीडीवाल्यानं सांगितलं, रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली, तीन दिवसांपासून राजुऱ्याचा एकही फोन लागत नव्हता. सलीमकडे ना कॅसेट होती, ना तो कॉम्प्युटर. नंतर प्राध्यापकांनाही विचारलं. त्या दुपारी ते परीक्षेच्या वर्गावर होते.

सलीम माझ्यासोबतच निघाला. चंद्रपूरला आल्यावर आम्ही दोघांनी मिळून बी बाजू लोड केली, तिचाही प्रिंट काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले. ओळीला ओळ जुळते. शेवटची सोडून. कॅसेटवरच्या प्रोग्राममध्ये ती ओळ नाहीच.

“म्या कशी लिवीन?” सलीम म्हणाला. “रेकॉर्ड केली तवा ते हरवलीच नव्हती. शोधू नका काऊन लिवू?”

फोनवरून घेतलेलं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. त्याच्यावर आता नुसती गुणगुण आहे, मागे लोहाराची ठकठक. तेव्हापासून कितीदा लावलं, तेच.

तो अंक आठ दिवस उशिरा निघाला. तीन पानांच्या जागी ‘बोडी’चा पूर्ण प्रोग्राम छापला, वर दोघांची नावं, सलीमचं आधी. छापायच्या आधी त्यानं चुका काढायला प्रूफ वाचलं आणि मला दोन ठिकाणी शिव्या घातल्या, त्या रात्री मला चांगली झोप लागली.

तुमच्यापैकी कोणी टेलिफोन खात्यात असेल तर सांगा, असं होऊ शकतं का. माझं सगळ्यांना विचारून झालं. उत्तर मिळालं नाही. खरं सांगू, आता घाई नाही. फोन दोन तास उशिरा आला असता तर ती पानं छापायला गेली असती, हे मला पुरेसं कळतं. प्रिंट माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. शाई फिकी झाली आहे, पण शेवटची ओळ अजून वाचता येते.