सुतळीचा जोड

माझ्या गावच्या फिटरने मला फसवलं. त्याला काम येत होतं पाण्याच्या नळाचं, आणि त्याने सांगितलं की गॅसचंही येतं. भोगलं ते माझ्या बायकोने.

मी सहजासहजी फसणारा माणूस नाही. रत्नागिरीकडून कुवेतला उतरलो तेव्हा जवळ एक पत्र्याची ट्रंक होती. तेलकंपनीचे साहेब मायदेशी परतताना सामान काढायचे, ते मी घ्यायचो आणि विकायचो. साहेबाची जायची घाई किती, हे त्याच्या दारात उभं राहून मला कळायचं. असल्याच एका साहेबाकडून मी घर गरम करायची गॅसची भट्टी उचलली. ती मात्र विकायला नव्हती. बायकोला दम्याचा त्रास होता. कुवेतच्या खैतान वस्तीतल्या आमच्या घरात हिवाळ्यात घासलेटची शेगडी पेटवली की ती खोकून खोकून निळी पडायची. डॉक्टरने सांगितलं होतं, हा धूर बंद करा, नाहीतर यांना गावी पाठवा. गॅसच्या भट्टीचा धूर नळकांड्यातून भिंतीबाहेर जातो. ती भट्टी नीट चालली तर बायको माझ्याजवळ राहणार होती, एवढी साधी गोष्ट.

सिलिंडर विकणाऱ्या दुकानात एक पॅलेस्टिनी मिस्त्री होता. तो म्हणाला, दोन दिवस लागतील, आणि पाइपमध्ये हवा भरून, काट्यावर दाब बघितल्याशिवाय मी गॅस सोडणार नाही. मी घासाघीस केली, दोनचा एक दिवस कर म्हटलं. त्याने हात झटकले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मला राग आला. मी गावच्या फिटरला बोलावलं.

त्याने एका दिवसात काम केलं. सिलिंडर बाहेर सावलीत उभा ठेवला, तिथून लोखंडी पाइप भिंतीतून आत आणला, भट्टीजवळ गॅस चालू-बंद करायचा कॉक बसवला. जोडाच्या आट्यांवर सुतळी गुंडाळून वर सफेदा फासला, आपल्याकडे पाण्याच्या नळाला करतात तसा. मी विचारलं, "गॅसलाही हेच चालतं?"

"भाई, पाइप तो पाइप. आत काय जातं ते त्याला काय माहीत?"

सगळे हसले. गावची चार माणसं चहाला आली होती. मी आतून साबणाच्या पाण्याची वाटी आणली. जोडावर साबण लावून बुडबुडे बघतात, हे मी त्या मिस्त्रीला करताना पाहिलं होतं. फिटरने पान्हा खाली ठेवला.

"आता माझ्या जोडाला साबण लावणार? मग बाहेरचा माणूसच बोलवायचा होतात की."

"राहू द्या हो," चहा पिणाऱ्यांतला एक जण म्हणाला, "गाववाला आहे आपला."

परक्याने मोजून दिलेले खिळेसुद्धा मी परत मोजायचो, पण गाववाल्याच्या कामावर हात फिरवून बघणं म्हणजे त्याच्या घराण्याला चोर म्हणणं. आमच्यात तशी रीतच होती. मी वाटी आत ठेवून दिली. जाताना त्याने बायकोला सांगितलं, "भाभी, सिलिंडरची चावी रोज बंद करायला थंडीत बाहेर जाऊ नका. आतला कॉक पुरे."

साबण लावला असता तरी त्या दिवशी काही दिसलं नसतं. हे मला नंतर कळलं आणि तेच जास्त जाळतं. पाण्याने सुतळी फुगते आणि जोड घट्ट होतो. गॅसमध्ये ती वाळते आणि आक्रसते. तिथल्या कोरड्या हवेत तिला महिनाभर लागला.

तो महिना बायको खोकली नाही.

मग एका सकाळी मी माझ्या जुन्या सामानाच्या दुकानात निघालो होतो, दाराबाहेर चप्पल घालत होतो. तिने कॉक उघडायच्या आधी काडी ओढली. नेहमी तशीच ओढायची, आधी काडी आणि मग कॉक. हा गॅस जड असतो, तो जमिनीलगत साचतो. सर्दीने तिचं नाक कायमचं बंद, तिला वास आलाच नव्हता. जाळ फरशीवरून धावला आणि तिच्या पातळाच्या काठाला लागला. मी सतरंजीने विझवलं. गुडघ्यापर्यंत दोन्ही पाय भाजून गेले होते.

त्या पॅलेस्टिनी मिस्त्रीने येऊन जोड उघडला. सुतळी म्हाताऱ्याच्या केसांसारखी सुकून हातात आली. "हे पाण्याचं काम आहे," तो म्हणाला. मग त्याने मला बोटाने दाखवलं. गळती कॉकच्या अलीकडे, सिलिंडरच्या बाजूच्या पण खोलीतल्याच जोडात होती. बाहेरची चावी फिटरच्या सांगण्यावरून उघडीच असायची, मग कॉक बंद असो वा उघडा, गॅस खोलीत येतच राहणार होता.

आणि फिटरने सगळ्या गाववाल्यांना काय सांगितलं? भाभीने कॉक उघडा ठेवला.

मी त्याला बाजारात गाठून कानाखाली वाजवली. तीच माझी चूक झाली. शुक्रवारी नमाजानंतर गाववाल्यांची जमात, म्हणजे आमची पंचायत, बसली ती थपडेवर. गाववाल्यावर भर बाजारात हात उचलला म्हणून मला सगळ्यांसमोर माफी मागावी लागली. मी पाइपचं बोलायला लागलो तर वडीलधारे म्हणाले, "झालं ते झालं. बाईमाणूस आहे, विसरली असेल."

बायको बोटीने गावी गेली ती परत आली नाही. चूल पेटवायला दुसऱ्या कोणाला तरी हाक मारायची. विहिरीवर बायका विचारायच्या, कॉक बंद करायला विसरलीस कशी गं? शेवटी शेवटी मी सुट्टीवर गेलो की ती मलाच विचारायची, "मी खरंच उघडा ठेवला होता का हो?" मी दर खेपेला नाही म्हणायचो. मी नवरा, माझ्या 'नाही'ला काय वजन? तिला मातीत ठेवलं तेव्हाही गावात तीच गोष्ट चालू होती.

फिटर अजून आहे. हज करून आलाय, मशिदीत पहिल्या रांगेत बसतो. माझ्या तीन पत्रांना त्याने उत्तर दिलेलं नाही. मला त्याच्याकडून माफी नको, भरपाईही नको. त्याने त्याच जमातीसमोर उभं राहून एवढंच सांगावं, आक्रसलेली ती सुतळी त्याने कॉकच्या कोणत्या बाजूला गुंडाळली होती?