पंच मारलेली पुस्तकं

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. आम्ही वरठीला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. बाबांची ड्यूटी कधी नागपूरची, कधी गोंदियाची, कधी साकोलीची. जिथं मुक्काम पडेल तिथल्या स्टँडवरून ते लहान मुलांचं एखादं पुस्तक घेऊन येत. पातळ, पिना मारलेलं, कव्हरावर भडक रंगातला वाघ नाहीतर राक्षस. स्वतः फार शिकलेले नव्हते, पण पुस्तक अशा ऐटीत हातात ठेवायचे, की जणू ते त्यांनीच लिहिलंय!

पुस्तक वाचून झालं की बाबांपुढे उभं राहायचं. ते पिशवीतून तिकिटांना भोक पाडायचा पंच काढायचे आणि विचारायचे, "बोल, गोष्ट कुठं उतरली?" म्हणजे शेवट सांगायचा. नीट सांगितला की पहिल्या पानाच्या कोपऱ्यात कट्टकन पंच. चुकलं तर, "बिनतिकीट प्रवास! जा, परत वाच." मी पाय आपटत जायची, पण वाचायची. माझा पंच उजव्या कोपऱ्यात. डावा कोपरा धाकट्या भावासाठी राखून ठेवलेला. तो बालवाडीत होता, त्यामुळे त्याचा एकही पंच झालेला नव्हता.

सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात बाबांना कावीळ झाली आणि ते गेले. पुढे त्यांची बॅग, तिकिटांचा ट्रे आणि पंच डेपोत जमा करावा लागला. बाबांना नेलं तेव्हा भावाला काही कळलं नव्हतं. पंच नेला तेव्हा तो असा रडला, की शेजारच्या बाया धावत आल्या.

एकोडीला माझे मामा शेती करायचे. शाळा सुरू झाली, भाऊ पहिलीत बसला, आणि मामांनी सांगून टाकलं की भाड्याच्या घरात एकटं राहायचं नाही, एकोडीला यायचं. धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, आटोपल्यावर ते ठरवायला आले. ओळखीच्या राइसमिलचा ट्रक वरठी स्टेशनावर तांदूळ उतरवून रिकामा परत जायचा. पोळा झाला की त्यात सामान टाकून जायचं, असं ठरलं. मग त्यांची नजर भिंतीतल्या पुस्तकांच्या कपाटाकडे गेली.

"बाई, बाकी सारं घेऊ. पण हा कागदाचा पसारा कायले?" मामा म्हणाले. "माह्या घरी धानाच्या ढोल्या आहेत. कागदाले उधई लागली का सरळ धानात शिरते. शाळेची पुस्तकं घ्या, वरून चार-पाच घ्या. बाकी देऊन टाका कोणाले."

आई म्हणाली, "बरं भाऊ."

नुसतं 'बरं भाऊ'! मी तर पेटलेच. मामा वाईट नव्हते. उधईची, म्हणजे वाळवीची भीती खरीच होती आणि त्यांच्या घरी वर्षाचं खाणं धान साठवायच्या त्या मोठ्या ढोल्यांतच असायचं. पण आईनं एक शब्द तरी बोलावा की नाही? मामा गेल्यावर मी म्हटलं, "तू काहून काही बोलली नाही? बाबांची पुस्तकं आहेत ती."

"ज्याच्या घरी जेवाले जायचं, त्याच्याशी भांडत जायचं का?" आई चुलीत फुंकर घालत म्हणाली. "तान्ह्या पोळ्याले वाटून टाकू. बोजारा म्हणून. लेकरं येतेतच दारात."

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लहान पोरं लाकडी बैल सजवून घरोघर फिरवतात आणि प्रत्येक घरून त्यांना पैसा, खाऊ मिळतो. तोच बोजारा. त्यात पुस्तकं द्यायची म्हणे. आईचं डोकं फिरलंय, असंच मला वाटलं.

पोळ्याच्या आधी आम्ही दोघं भावंडं पुस्तकं निवडायला बसलो. मी मोठी, तेव्हा निवडणार मी. ठेवायची इकडे, द्यायची तिकडे. परीची पोरकट गोष्ट, द्यायची. घरच्या घरी करायच्या प्रयोगांचं पुस्तक, ठेवायचं. त्यातल्या एका प्रयोगात मी आईचं पातेलं काळं केलं होतं, ते सोडून कसं देणार? भाऊ मात्र माझ्या मागून द्यायच्या ढिगातलं एकेक पुस्तक उचलायचा आणि ठेवायच्या ढिगावर ठेवायचा. कधी जहाजांचं, कधी जंगलाचं, शेवटी ती परीसुद्धा.

"अरे, काय करून राहिला तू? हे तुला आवडते तरी का?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "मी वाचलंच नाही. माझा पंच बाकी आहे ना."

आता याला काय सांगायचं? पंचच राहिला नव्हता. मी ओरडले, तो रडला, दोन्ही ढीग एक झाले. मी आईला हाक मारली. आई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "नका निवडू. सारीच मांडू दारात." मी रागानं त्या दिवशी जेवले नाही. कोणी समजूत काढायलाही आलं नाही, तेव्हा राग आणखी वाढला.

तान्ह्या पोळ्याला सकाळीच आईनं ओटा सारवला, चटई अंथरली आणि सगळी पुस्तकं ओळीनं मांडली. येणारा-जाणारा पाहील अशी, अगदी रस्त्याकडे तोंड करून. मग दारात बसली. भाऊ जहाजांचं पुस्तक पोटाशी धरून आतल्या खोलीत. मी खिडकीत, तोंड फुगवून.

गल्लीत पोरांचा कल्ला सुरू झाला. कोणाच्या बैलाला बेगड, कोणाच्या बैलाच्या गळ्यात घुंगरू. पोरं शेजारच्या घरी आली, त्यांना पैसे मिळाले, आता आमचंच दार. पण पोरं आमच्या दारापुढून तशीच पुढे गेली. मागून दुसरी टोळी आली, तीही गेली. एका पोराचा पाय जरा थबकला, तर त्याच्या आजीनं दंड धरून ओढलं, "तिकडे नको जाऊ रे. त्याईच्या घरी यंदा सण नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बाबांचं वर्ष व्हायचं होतं. वर्ष होईपर्यंत घरात सण नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत. आदल्या दिवशी पोळ्याला आमच्याकडे पुरण शिजलं नव्हतं, शेजारच्या काकूंनी ताट झाकून आणून दिलं होतं. मग अशा घरी बैल घेऊन कोण येणार? मला आईचा आणखी राग आला. कोणाकडे काय चालतं नि काय नाही, हे सगळी गल्ली आईला विचारायला यायची. आणि हीच बाई एवढी साधी गोष्ट विसरून दारात दुकान मांडून बसली!

उन्हं उतरायला लागली आणि एक बारकी पोरगी आली. गल्लीतली नव्हती, कोणाकडे तरी पाहुणी आलेली असावी. एक चाक निखळलेला लाकडी बैल सुतळीनं ओढत होती. तो सारखा कलंडायचा, ती सारखी त्याला उभा करायची. आमच्या ओट्यापाशी येऊन तिनं हात पुढे केला.

चला, पहिलं पुस्तक गेलं, मी मनात म्हटलं. पण आई झटकन उठली. आत गेली, मुरमुऱ्याचे लाडू आणि गुळाचा खडा घेऊन आली, पदराच्या गाठीतला पैसाही सोडला आणि सगळं पोरीच्या ओंजळीत घातलं. पोरीचं लक्ष वाघाच्या पुस्तकावर होतं. तिनं त्याला बोट लावलं, तसं आईनं ते पुस्तक हळूच मागं सरकवलं.

"ते नको बाई. हे घे, आणखी एक लाडू घे."

पोरगी खूश होऊन गेली. मी खिडकीतून आईकडे बघतच राहिले. दिवसभर पुस्तकं मांडून बसली आणि घेणारं लेकरू दारात आलं तर लाडू देऊन त्याची बोळवण केली?

"आई," मी म्हटलं, "तू तर..."

"चूप बस," आई म्हणाली. "आणि पुस्तकं आत घे, दव पडते."

माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. मला इतकं हसू आलं, की मी तोंडावर ओढणी दाबून आत पळाले आणि मग तिथंच बसून रडले. बाबा गेल्यापासून मी तशी रडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मामा ट्रक घेऊन आले. कपाटाशेजारचा ढीग पाहून म्हणाले, "हे काय बाई? वाटली नाही?"

"दिवसभर मांडून बसली होती भाऊ," आई गरीब चेहऱ्यानं म्हणाली. "शेजारी विचारा पाहिजे तं. ज्या घरी सण नाही त्या घरी बैल कोण आणते?"

मामांनी डोकं खाजवलं. "मंग रद्दीत टाक."

"लेकराईच्या नावानं बोजारा काढला अन् रद्दीत टाकू? शोभते का ते?" आई म्हणाली. "वर्ष होऊन जाऊ द्या. पुढच्या तान्ह्या पोळ्याले एकोडीतच वाटीन. तोवर पत्र्याच्या पेटीत ठेवते, कडुलिंबाचा पाला घालून. ढोल्याईपासून दूर."

मामा आईकडे बघत राहिले. लहानपणापासून ओळखत होते तिला. मग हसून ट्रकवाल्याला म्हणाले, "घे गा, पेटी घे."

एकोडीत भाऊ वर्षभर त्या पेटीतली पुस्तकं वाचत होता. एक वाचून झालं की आईपुढे उभा राहायचा. आई दुसरीपर्यंत शिकलेली, पण विचारायची मात्र बाबांसारखंच, "कुठं उतरली गोष्ट?" शेवट ऐकायची आणि पोती शिवायच्या दाभणानं डाव्या कोपऱ्यात भोक पाडायची. पंचासारखं गोल नाही व्हायचं, पण भावाला चालायचं.

पुढच्या तान्ह्या पोळ्याला आईनं शब्द पाळला. दोन्ही कोपऱ्यांत भोक असलेली पुस्तकं तिनं खरोखर वाटली. एकोडीच्या पोरांनी नाकं मुरडली, त्यांना पैसे हवे होते. दरवर्षी थोडी थोडी करत पेटी रिकामी झाली. माझ्या प्रयोगांच्या पुस्तकालाही दुसरं भोक पडलं आणि मी ते गुपचूप दिलं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी भावाला नोकरी लागली. त्याची बॅग भरून देताना मला कपड्यांखाली जहाजांचं पुस्तक सापडलं. कव्हर गेलेलं, पानं तेलकट. हे पुस्तक त्याला तोंडपाठ होतं. लहानपणी तापात तो त्यातली जहाजं बडबडायचा. मी पहिलं पान उघडलं. उजव्या कोपऱ्यात बाबांचा गोल पंच. डावा कोपरा कोराच.

"काय रे," मी म्हटलं, "गोष्ट कुठं उतरली?"

त्यानं पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि परत कपड्यांखाली सारलं.

"मी वाचलंच नाही अजून," तो म्हणाला.